रॅम भरपूर, तरी कर्नल कोसळतो
मशीनमध्ये रॅम कितीही असो, ३२ बिटी लिनक्स कर्नलला स्वतःच्या कामासाठी थेट हाताशी मिळते ती साधारण ८९६ एमबी. पीएई सुविधेमुळे ६४ जीबीपर्यंत रॅम लावता येते आणि घोळ इथेच होतो. रॅमच्या प्रत्येक ४ केबी पानामागे कर्नल सुमारे ३२ बाइटची नोंद ठेवतो. ६४ जीबीची पाने होतात १ कोटी ६७ लाखांहून जास्त. म्हणजे नुसत्या नोंदीच ५१२ एमबी खातात! उरलेल्या जागेत बाकीचे तक्ते मावले नाहीत, तर बूट होतानाच ‘कर्नल पॅनिक’. रॅमच्या पट्ट्या बदलण्यात पैसे घालवू नका. बूट मेनूत कर्नलच्या ओळीला ‘मेम’ हा पर्याय जोडून मर्यादा १६ जीबीवर आणा. मशीन सहसा सुरू होते. प्रोसेसर ६४ बिटी असेल, तर कर्नलही ६४ बिटीच टाका.