शेजारच्या विजेत्यांची लढत हैदराबादला व्हावी

डिसेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या दशरथ रंगशालेत एक नवी स्पर्धा भरली. दक्षिण आशियातल्या पाच देशांचे विजेते महिला फुटबॉल क्लब तिथे जमले होते. भारताकडून ईस्ट बंगाल, पाकिस्तानातून कराची सिटी, बांगलादेशातून नासरीन स्पोर्ट्स अकॅडमी, भूतानमधून ट्रान्सपोर्ट युनायटेड आणि यजमान नेपाळचा सशस्त्र पोलीस दलाचा संघ. २० डिसेंबरच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने नेपाळी पोलिसांना ३-० असं हरवून चषक जिंकला. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची महिला क्लबांसाठीची ही पहिलीच स्पर्धा.

ज्या संघाने भारतीय महिला लीग जिंकून ईस्ट बंगालला ही पात्रता मिळवून दिली, त्यात सौम्या गुगुलोथ ही तेलंगणातली आघाडीची खेळाडू होती. ती निजामाबाद जिल्ह्याची. हा जिल्हा आपल्या नांदेडला लागूनच आहे. तेलंगणात असे पाय घडतात, पण आपल्या शहराच्या क्लबकडून शेजारी देशांच्या विजेत्यांशी खेळण्याची संधी हैदराबादच्या वाट्याला आलेली नाही. एके काळी ज्या शहराने भारताच्या संघाला कितीतरी खेळाडू पुरवले, त्याच्या बाबतीत असं का व्हावं, हे समजून घेण्यासारखं आहे.

पोलिसांचा सुवर्णकाळ

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक एकाच संघाने उचलला. तो संघ म्हणजे हैदराबाद सिटी पोलीस. १८९१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत अशी सलग पाच विजेतेपदं पुन्हा कुणाला मिळवता आली नाहीत. १९५० मध्ये याच संघाने मोहन बागानला नमवून ड्युरँड चषकही जिंकला. त्या काळात मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबादच्या माणसालाही हा संघ आपलाच म्हणता येत होता.

या संघामागे सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने शिक्षक असलेले रहीमसाहेब १९५० पासून अखेरपर्यंत पोलीस संघाचे प्रशिक्षक राहिले. त्यांची शिकवण्याची रीत त्या काळात अगदी वेगळी होती. एरवी कमी वापरल्या जाणाऱ्या पायानेच चेंडू मारायचा, अशा अटीच्या स्पर्धा ते भरवत. ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामनेही ते घेत. चेंडू पायाशी फार वेळ न ठेवता साथीदाराकडे द्यायची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू. उजव्या पायाचा खेळाडू डाव्यानेही तितकाच धोकादायक झाला की बचावपटूची गणितं चुकतात, हे त्यांनी साध्या मैदानावर, साध्या साधनांनी सिद्ध केलं. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. अझीझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन आणि तुळशीदास बलराम ही हैदराबाद-सिकंदराबादची मंडळी त्या संघात होती. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

शेजाऱ्यांशी हिवाळ्यात भिडण्याची प्रथाही त्याच काळातली. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चार देशांची चौरंगी स्पर्धा १९५२ मध्ये कोलंबोत सुरू झाली. कोलंबो चषक या नावाने ती ओळखली जाते. १९५४ ची स्पर्धा डिसेंबरात कोलकात्याला झाली आणि १९५५ ची डिसेंबरातच ढाक्याला. पहिल्या वर्षी भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले, पुढची तिन्ही वर्षं भारत एकटाच जिंकला. फाळणीला जेमतेम पाच-आठ वर्षं झाली होती, तरी ढाक्याच्या मैदानावर हे चार संघ शेजारधर्म पाळून खेळत होते, ही गोष्ट आज मुद्दाम आठवावी अशी आहे.

पण ही स्पर्धा राष्ट्रीय संघांची होती. विजेत्या क्लबांसाठी आशियाई स्पर्धा आली ती १९६७ मध्ये, बँकॉकला. तोवर हैदराबाद पोलिसांचा बहर ओसरला होता. संघ होता तेव्हा व्यासपीठ नव्हतं आणि व्यासपीठ आलं तेव्हा तसा संघ उरला नव्हता.

फातोर्ड्याची रात्र आणि कोळीकोडची संध्याकाळ

२०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी हा क्लब बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पहिल्या मोसमात हा संघ तळाला राहिला. स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ आल्यावर चित्र पालटलं आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर हैदराबाद अंतिम सामन्यात केरला ब्लास्टर्ससमोर उभा राहिला.

सामना संपायला दोन मिनिटं उरली असताना हैदराबाद ०-१ ने मागे होता. तेवढ्यात बदली खेळाडू म्हणून आलेल्या गोव्याच्या साहिल तावोराने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात शिरला. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. मग पेनल्टींच्या वेळी गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने ३-१ ने बाजी मारली. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यातच खेळला गेला होता. आपला संघ विजेता होताना हैदराबादकरांना घरच्या मैदानावर एकदाही बघायला मिळालं नाही.

आशियाचं दार मात्र आता किलकिलं झालं होतं. भारतीय क्लबांची आशियाई पात्रता ठरवणारा सामना ३ मे २०२३ रोजी कोळीकोडला झाला. हैदराबादची गाठ एटीके मोहन बागानशी पडली आणि हैदराबाद १-३ असा हरला. त्या एका संध्याकाळी काय हातचं गेलं, ते पुढच्या काही महिन्यांत दिसलं. बागानने ऑगस्टमध्ये नेपाळच्या मछिंद्र आणि ढाक्याच्या अबाहनीला हरवून एएफसी, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाच्या, चषकाचा गट गाठला. तिथे बांगलादेशचा बशुंधरा किंग्ज, मालदीवचा माझिया आणि आपला ओडिशा एफसी होता. सप्टेंबर ते डिसेंबर हे सामने रंगले आणि ओडिशा गटात पहिला आला. शेजाऱ्यांच्या या हिवाळी लढतीत हैदराबादही असू शकला असता.

त्यानंतर क्लबची आर्थिक घडी विस्कटली. चांगले खेळाडू सोडून गेले, मालकी बदलली आणि २०२५ मध्ये हा क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. पुण्यात रिकामी झालेली जागा हैदराबादने भरली आणि सहा वर्षांत हैदराबादचीच जागा रिकामी झाली. चषक जिंकला तरी क्लब शहरात रुजतोच असं नाही. स्थानिक अकादमी, शाळा आणि पाठीराखे यांच्याशी नाळ जुळलेली नसेल, तर मालकाचा निर्णय बदलताच सगळं हलतं. पुणेकर आणि हैदराबादकर दोघांनीही याची किंमत मोजली आहे.

थिंफूने दाखवलेली वाट

शेजारी विजेत्यांची स्पर्धा भरवायला फार मोठं शहर लागत नाही. ऑक्टोबर २०२४ अखेर भूतानच्या थिंफूत आशियाई चॅलेंज लीगचा एक अख्खा गट खेळवला गेला. भूतानचा पारो, बांगलादेशचा बशुंधरा, लेबनॉनचा नेजमे आणि कोलकात्याचा ईस्ट बंगाल असे चार संघ चांगलिमिथांग मैदानावर आठवड्याभरात आपापले तीन सामने खेळले. ईस्ट बंगालने पारोशी २-२ बरोबरी साधली, बशुंधराला ४-० आणि नेजमेला ३-२ हरवून गट जिंकला. एकाच शहरात सगळे सामने घेतले की प्रवासाचा आणि व्हिसाचा खर्च आटोक्यात राहतो. आपल्या उपखंडातल्या क्लबांना तो फार मोठा दिलासा असतो.

हैदराबादकडे याहून जास्त सोयी आहेत. गच्चीबावलीच्या बालयोगी स्टेडियमवर सप्टेंबर २०२४ मध्ये भारत, सीरिया आणि मॉरिशस यांची इंटरकॉन्टिनेंटल चषक स्पर्धा झाली. नोव्हेंबरात मलेशियाविरुद्ध भारताचा सामना झाला. ३१ डिसेंबरला त्याच मैदानावर पश्चिम बंगालने केरळला १-० हरवून संतोष करंडक जिंकला. शिवाय शहराबाहेर अझीझनगरला श्रीनिधी डेक्कन क्लबचं स्वतःचं मैदान आहे. या क्लबने २०२२-२३ आणि २०२३-२४ असे सलग दोन मोसम आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला.

हंगाम मात्र नीट निवडायला हवा. २००८ मध्ये एएफसी चॅलेंज चषक ऑगस्टमध्ये हैदराबादला घेतला. पावसाने मैदानाचा चिखल झाला आणि अंतिम सामना दिल्लीला हलवावा लागला. तिथे सुनील छेत्रीच्या तीन गोलांच्या जोरावर भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, पण हैदराबादच्या प्रेक्षकांच्या हातून तो क्षण निसटला. डिसेंबरात दख्खनच्या पठारावर आकाश निरभ्र असतं, जमीन कोरडी असते आणि संध्याकाळी खेळायला हवा अगदी योग्य असते.

काठमांडूने महिलांच्या स्पर्धेने सुरुवात करून दिली आहे. तिचं पुढचं पर्व डिसेंबरात गच्चीबावलीला व्हावं, पुरुष क्लबांचीही अशीच स्पर्धा सुरू व्हावी आणि तिच्या चषकाला रहीमसाहेबांचं नाव द्यावं. तेलंगणाच्या फुटबॉल संघटनेने आणि अखिल भारतीय महासंघाने हे मनावर घ्यावं. वाचकांनाही एक विनंती आहे. तुम्ही हैदराबादला असाल किंवा नांदेड-लातूरहून तिथे जाणार असाल, तर या हिवाळ्यात जो सामना असेल तो तिकीट काढून बघा आणि घरातल्या मुलामुलींनाही बरोबर न्या. प्रेक्षक टिकले तर क्लब टिकेल आणि क्लब टिकला तरच शेजारचे विजेते आपल्या दारी येतील.