फोकसची कळ अंगठ्याखाली

छायाचित्र घेणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पाहावयाचे कोणाकडे, हा पहिला. आणि टिपावयाचे केव्हा, हा दुसरा. पुष्कळदा या दोहोंमध्ये पाच-दहा मिनिटांचे अंतर असते. दहीहंडीच्या दिवशी दादरच्या आयडियल गल्लीत उभ्या राहिलेल्या माणसाला हंडी कोठे टांगली आहे हे आल्याबरोबर दिसते. ती फुटणार केव्हा, हे मात्र खुद्द गोविंदांनाही ठाऊक नसते. असे असता आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ही दोन्ही उत्तरे एकाच बोटाने, एकाच कळीवर द्यावी लागतात. ती कळ अर्धी दाबली की कॅमेरा फोकस शोधतो आणि पुरी दाबली की चित्र घेतो. व्यवस्था सोयीची आहे यात शंका नाही. पण गर्दीत ती दगा देते, आणि गिरगाव, लालबाग, परळकडे टिपण्यासारखे जे काही घडते ते बहुधा गर्दीतच घडते.

यावर एक साधा उपाय आहे. फोकसचे काम पुढच्या कळीकडून काढून घ्यावयाचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर, उजव्या अंगठ्याखाली येणाऱ्या कळीकडे सोपवावयाचे. छायाचित्रकारांच्या बोलीत याला 'बॅक बटन फोकस' म्हणतात. अंगठा पाहतो, तर्जनी टिपते. सांगावयास एवढेच आहे. परंतु त्याने काय साधते हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईत छायाचित्रकला फार लवकर आली. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सभासदांपैकी एक होते. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत छायाचित्रकार डोक्यावरून काळे कापड घेऊन, कॅमेऱ्याच्या पाठीच्या धुरकट काचेवर उमटलेले उलटे चित्र पाही व भिंग पुढेमागे करून ते स्पष्ट करी. मग ती काच काढून तेथे रसायन लावलेली काच बसवी, भिंगावरचे टोपण काढी, सेकंद मोजी आणि टोपण पुन्हा लावी. म्हणजे टिपण्याच्या वेळी त्याला फोकस दिसतही नसे! दोन कामे निराळी होती, कारण ती एकत्र करण्याचा मार्गच नव्हता.

सिनेमाच्या धंद्यात तर ही दोन कामे दोन माणसांकडेच राहिली. १९४२ साली व्ही. शांताराम यांनी परळला राजकमल कलामंदिर काढले. अशा स्टुडिओंतून चित्रीकरण होते तेव्हा कॅमेऱ्यातून पाहणारा एक असतो, आणि नट पुढे आला की टेपने मोजून ठेवलेल्या अंतराप्रमाणे भिंगाचे कडे फिरवणारा दुसरा. त्याला 'फोकस पुलर' म्हणतात. पडद्यावर त्याचे नाव कोणी वाचत नाही, पण त्याचा हात चुकला की ते सगळ्या थिएटरला कळते.

यंत्राने आपण होऊन फोकस साधण्याची सोय असलेला, मोठ्या प्रमाणावर निघालेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा कोनिका कंपनीचा. भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय १९८५ साली मिनोल्टाच्या '७०००' या कॅमेऱ्याने रूढ केली. नवशिक्याला दोन कळी कशाला, असा विचार करून कारखानदारांनी दोन्ही कामे एका कळीवर आणली. पण धंदेवाईक छायाचित्रकारांना ते जाचू लागले असावे, कारण चारच वर्षांनी, १९८९ साली, कॅननने 'ईओएस ६३०' या कॅमेऱ्यात फोकस पाठीमागच्या कळीवर नेण्याची सोय दिली. नारायण दाजींच्या काळी जे निरुपायाने वेगळे होते ते येथे समजून-उमजून वेगळे झाले.

आता यंत्र फोकस साधते कसे, ते पाहू. हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहावे. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे सरकल्यासारखा दिसतो. कॅमेरा याच जातीची युक्ती वापरतो. भिंगाच्या एका बाजूने आलेला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूने आलेला प्रकाश यांची दोन चित्रे तो ताडून पाहतो. फोकस बरोबर असेल तर ती जेथल्या तेथे जुळतात. नसेल तर एकमेकांपासून सरकतात. कोणत्या बाजूला व किती सरकली यावरून भिंग पुढे न्यावयाचे की मागे, आणि किती, हे त्याला क्षणात कळते. मात्र ताडून पाहण्यासाठी त्याला काहीतरी कड किंवा रेघ, उजेड-अंधाराची सीमा लागते. कोरी भिंत किंवा रात्रीचा चौपाटीवरचा अंधार समोर असला की बिचारे भिंग पुढेमागे घुटमळत राहते.

शिवाय यंत्राला अंतर कळते. त्या अंतरावर उभी असलेली वस्तू आपल्या लेखी काय आहे हे कळत नाही. त्याच्यावरच निवड सोपवली तर ते बहुधा जवळचे धरते. आणि लालबागच्या रस्त्यावर जवळचे म्हणजे काय, तर पुढच्या माणसाचा मोबाइल धरलेला हात.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक घ्या. लालबागला श्रॉफ बिल्डिंगपाशी गणपतीवर पुष्पवृष्टी होते. मूर्ती तेथे थांबते आणि वरून फुले पडू लागतात. ती पडत असतानाचे चार-सहा क्षण हेच चित्र. एका कळीचा कॅमेरा घेतलेला माणूस नेमक्या त्या क्षणी कळ दाबतो, आणि कॅमेरा अगोदर फोकस शोधू लागतो. शोधताना मध्ये काय येते? फुले. चित्रात झेंडूची एक पाकळी शिरा दिसाव्यात इतकी स्पष्ट येते आणि मागे मूर्ती धुक्यात गेल्यासारखी पुसट होते. मूर्ती हलत नव्हती, अंतर बदलले नव्हते, पुन्हा शोधण्याचे काही कारणच नव्हते. पण टिपावयाचे तर आधी शोधलेच पाहिजे, अशी त्या कळीची रीत.

अंगठ्याच्या कळीने काय होते? मूर्ती थांबली की मुखावर, नाहीतर मुकुटाच्या कडेवर रोख धरून अंगठा दाबावा. फोकस साधला की अंगठा उचलावा. भिंग आता तेथेच राहते. मग फुले पडोत, गुलाल उधळो, पुढे दहा हात उंच होवोत. तर्जनी दाबली की कॅमेरा न शोधता सरळ टिपतो. लक्ष चेहऱ्यांवर ठेवावयास आपण मोकळे.

हंडीला हीच युक्ती अधिकच लागू पडते, कारण हंडी ठरल्या जागी टांगलेली असते. थर लागत असताना ते कोसळतील की राहतील याकडे सगळ्यांचे डोळे. वर पाण्याचा मारा. तेव्हा फोकस शोधत बसणे म्हणजे पाण्याच्या तुषारांना आमंत्रण. थर लागण्यापूर्वीच हंडीवर फोकस घेऊन अंगठा मोकळा करावा. मात्र खालच्या थरातल्या गोविंदावर फोकस घेऊन तोच वर चालेल असे मानू नये. आपण १० मीटरवर उभे असू आणि हंडी आपल्या डोळ्यांपेक्षा ८ मीटर उंच असेल, तर हंडीपर्यंतचे तिरपे अंतर जवळजवळ १३ मीटर भरते. आणि आयोजकांनी ऐन वेळी दोर ओढून हंडी वर घेतली, तर अंगठा पुन्हा एकदा दाबावयाचा. त्याला क्षणभरच लागतो.

वस्तू हलती असेल तर? येथे या पद्धतीचा दुसरा, आणि आमच्या मते मोठा, लाभ आहे. कॅमेऱ्यात फोकसच्या दोन चाली असतात. एकीत तो एकदा फोकस घेऊन थांबतो; दुसरीत कळ दाबून धरली असेपर्यंत वस्तूच्या मागे धावत राहतो. एका कळीच्या व्यवस्थेत कोणती चाल हवी ते आधी ठरवून ठेवावे लागते, आणि ठरवलेली नेमकी उलटी निघते. अंगठ्याच्या व्यवस्थेत कॅमेरा कायमचा धावत्या चालीवर ठेवावा. अंगठा दाबून धरला की तो धावतो, सोडला की थांबतो. शिवाजी पार्कच्या मैदानावर गोलंदाज आपल्या रोखाने धावत येत असेल तर अंगठा दाबून धरावा. फलंदाज यष्ट्यांपुढे उभा असेल तर एकदा दाबून सोडावा. मग मधून क्षेत्ररक्षक जावो की शेजारच्या सामन्यातला खेळाडू (तेथे एका वेळी किती सामने चालतात हे दादरकरांस सांगावयास नकोच), फोकस ढळत नाही.

हे सगळे इतके नाजूक का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. ५० मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ-८ वर ठेवलेले आणि फोकस ५ मीटरवर असेल, तर पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यात सुमारे साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंतचे सारे चांगले स्पष्ट येते. तेथे हातभर चूक खपून जाते. पण संध्याकाळ झाली, छिद्र एफ-१.८ पर्यंत उघडले, ८५ मिलिमीटरचे भिंग लावले आणि माणूस ३ मीटरवर असला, की स्पष्टतेची जाडी उरते अवघी १३ सेंटिमीटर. आपण किंवा समोरच्याने एक पाऊल टाकले की चेहरा त्यातून बाहेर. म्हणूनच अंगठा सोडल्यावर अंतर बदलले असे वाटताच तो पुन्हा दाबण्याची सवय हवी. एकदा घेतलेला फोकस जन्माचा असतो असे नव्हे.

अलीकडच्या कॅमेऱ्यांना माणसाचा डोळा ओळखता येतो, मग या खटाटोपाचे काय काम, असाही आक्षेप आहे. एकटा माणूस समोर असेल तर आक्षेप खरा आहे. परंतु गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत एका चौकटीत दोन-तीनशे चेहरे असतात. हा चेहरा आहे एवढे यंत्र सांगते. कोणाचा घ्यावयाचा हे त्याला कसे कळावे? पुढे ढोल वाजवणारा तरुण मोठा दिसतो, म्हणून यंत्र तो घेते. आपल्याला मात्र मागे चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून पाहणारी माणसे हवी असतात. गिरगाव-लालबागच्या चाळी एकामागून एक पडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. ती गॅलरी पुढच्या पाडव्याला असेलच असे नाही. ढोल पुढच्या वर्षीही वाजणार आहे. अशा वेळी निवड यंत्राकडे देणे आम्हांला तरी परवडणारे वाटत नाही. डोळा ओळखण्याची सोय पाठीमागच्या कळीवरही चालते, तेव्हा कोणाकडे ते आपण ठरवावे आणि मग यंत्राला कामाला लावावे.

योजना करावयाची रीत कॅमेऱ्यागणिक थोडी निराळी. सर्वसाधारणपणे यादीत कळींची कामे बदलण्याचे जे पान असते तेथे जाऊन पुढच्या कळीचे फोकसचे काम बंद करावे आणि 'एएफ-ऑन' असे लिहिलेल्या पाठच्या कळीला ते द्यावे. ती कळ नसेल तर पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत ताऱ्याची खूण असलेली किंवा 'एई-एल' लिहिलेली कळ त्यासाठी चालते. प्रकाश मोजण्याचे काम पुढच्या कळीकडे राहू द्यावे. मोबाइलवर फोटो घेणाऱ्यांनीही निराश होऊ नये. बहुतेक मोबाइलांत पडद्यावर हव्या त्या जागी बोट थोडा वेळ दाबून धरले की फोकस तेथेच कुलूपबंद होतो. तत्त्व तेच.

पहिले काही दिवस अंगठा विसरतो आणि चित्रे पुसट येतात. त्यासाठी सणाची वाट पाहू नये. परळला पदपथावर उभे राहून समोरून येणाऱ्या बेस्टच्या बसचा क्रमांक अंगठा दाबून धरून टिपीत राहावे. आकडा वाचता आला तर साधले. बस थांब्यावर उभी राहिली की अंगठा सोडावा, मध्ये उतारू येऊ द्यावेत, आणि नुसत्या तर्जनीने टिपावे. एका संध्याकाळी शंभर बस पाहिल्या तर हात बराच वळतो.

या पद्धतीत एक अडचण मात्र खरी आहे. लग्नकार्यात आपणही चित्रात यावे म्हणून आपण कॅमेरा कोणा मामांच्या हाती देतो. मामा नेहमीप्रमाणे पुढची कळ दाबतात, कॅमेरा निमूटपणे टिपतो, आणि फोकस शेवटी जेथे होता तेथेच राहतो, म्हणजे पंगतीतल्या जिलबीवर. वधूवर पुसट येतात आणि दोष मामांवर जातो. पुष्कळ कॅमेऱ्यांत निरनिराळ्या योजना साठवून ठेवण्याची सोय असते. एकीत सगळे एका कळीवर ठेवून द्यावे आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती लावावी.