व्हाया नारायणगाव

वीकेण्डला गाडी काढायची, आवडीचं गाणं लावायचं आणि लाइव्ह कॉन्सर्ट गाठायची... ऐकायला किती रोमँटिक वाटतं ना? आमच्या गाडीत मात्र कल्याण सुटेपर्यंतच दोन भांडणं झाली होती. पहिलं, स्टिरिओवर काय लावायचं यावरून. दुसरं आणि खरं, माझ्या बंगळूरच्या बदलीवरून. प्रमोशन हातात होतं आणि नवरोबा ‘बघू’च्या पुढे सरकत नव्हते!

गोष्ट डिसेंबर २०१६ची. नोटाबंदीला जेमतेम महिना झालेला. प्लॅन असा: शुक्रवारी रात्री मुरबाड तालुक्यातलं धसई, म्हणजे माझं सासर. शनिवारी माळशेजमार्गे पुणे, म्हणजे माहेर. आणि रविवारी ‘सवाई’चा शेवटचा दिवस. मी शाळेत असल्यापासून बाबांचं बोट धरून सवाईला जाणारी. लग्नाला तीन वर्षं झाली तरी नवऱ्याने तो मंडप पाहिला नव्हता.

सकाळी धसईत वडापाव घेतला. माझ्याकडे दोन हजारांची गुलाबी नोट, सुट्टे कोण देणार? नवऱ्याने ऐटीत कार्ड पुढे केलं आणि वडापाववाल्याने ते चक्क मशीनमध्ये घासलं! १ डिसेंबरलाच धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीन्स दुकानादुकानांत आली होती. मशीन बिचारं रेंज शोधत होतं, वडा गार होत होता, पण नवऱ्याची कॉलर ताठ. ‘‘आहे का तुमच्या पुण्यात असं?’’

निघताना सासूबाईंनी तांदळाच्या डब्यातून शंभराच्या पाच नोटा काढल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. ‘‘कॅशलेस गावात गं. रस्त्यात च्या प्यायला लागेल ना?’’

माळशेज घाटात याने तमाशातला एक वग लावला. मी म्हटलं, ‘‘सकाळी सकाळी हे काय रे?’’ आणि आवाज कमी केला. तो काहीच बोलला नाही. ओतूर गेलं, आळेफाटा गेला, गाडीत नुसती शांतता.

नारायणगावला चहासाठी थांबलो. सासूबाईंची नोट कामी आली. चहा पिता पिता तो म्हणाला, ‘‘याला तमाशाची पंढरी म्हणतात, माहितीये?’’ गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. पोटुशी असताना खेळ अर्धवट सोडून पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट त्याने अशी सांगितली, जणू घरातल्याच कुणाची. मग हळूच म्हणाला, ‘‘म्हशाच्या जत्रेत बाबा मला खांद्यावर बसवून फड दाखवायचे. तू आवाज कमी केलास ना, तो त्यांचा आवडता वग होता.’’

सासरे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडीत बसल्यावर मी आवाज वाढवला आणि चाकण येईपर्यंत कमी केला नाही.

रविवारी रमणबाग शाळेचं मैदान. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्य भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. शाली, थर्मास, मांडी घालून बसलेले आजी-आजोबा. पहिल्या तासाला नवऱ्याचा प्रश्न, ‘‘शब्द कधी सुरू होणार?’’ दुसऱ्या तासाला तो चहाला गेला. तिसऱ्या तासाला मात्र ताठ बसला. ‘‘ही सम ना? आमचा ढोलकीवालापण असाच जागेवर येतो!’’ मी बघतच राहिले.

सगळ्यात शेवटी, प्रथेप्रमाणे, सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली. ‘‘आता कोण गातंय? स्टेजवर तर कुणीच नाही.’’ मी सांगितलं. मग सगळा मंडप जसा गप्प होता, तसाच तोही गप्प झाला.

पार्किंगमध्ये गाडीला चावी लावून तो तसाच बसून राहिला. ‘‘बाबांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही गं. एक रेकॉर्डिंग नाही.’’ आणि मग, ‘‘आईला एकटीला सोडून बंगळूरला कसं जायचं? म्हणून बघू म्हणतो.’’

मी तर महिनाभर समजत होते, की माझं प्रमोशन त्याला खुपतंय! विचारलं मात्र एकदाही नव्हतं.

बदली घेतली, पण एका वर्षासाठी आणि महिन्यातला एक वीकेण्ड धसईला, या अटीवर. जानेवारीत पौष पौर्णिमेच्या जत्रेला म्हशाला गेलो. या वेळी ‘आता काय चाललंय?’ विचारायची पाळी माझी होती!

तुम्हीही जोडीने जाणार असाल, तर सवाई २०१८पासून रमणबागेतून मुकुंदनगरला हललाय. आणि जाताना गाडीत निम्मा रस्ता तुमचं गाणं, निम्मा त्याचं किंवा तिचं. आवाज कमी करायच्या आधी एकदा विचारा, हे का आवडतं?

नवऱ्याच्या फोनमध्ये आता आईचा आवाज आहे. ओव्या, अभंग असं काही नाही हं. वडापाववाल्याशी सुट्ट्यांवरून घातलेला वाद आहे, चांगला चार मिनिटांचा.