पेशींचे बिऱ्हाड

नवे बिऱ्हाड थाटताना किती यातायात होते, ते गृहिणींना सांगायला नको. पण मी थाटलेल्या बिऱ्हाडातले पाहुणे नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हते! भोसरीजवळच्या एका संस्थेत जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची प्रयोगशाळा उभारायची होती, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले.

पिंपरीला असले सूक्ष्म पाहुणे नवे नाहीत. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्मजीवाला गावाचेच नाव दिले, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध निघाले.

माझे पाहुणे मात्र भारी चोखंदळ. माणसाच्या शरीरातल्या पेशी त्या! त्यांना ३७ अंश ऊब हवी, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा, दमटपणा हवा. नाहीतर ताटलीतले पोषकद्रव आटते. उजेडही बेताचाच, कारण प्रखर प्रकाशाने त्या मरतात. पूर्वी पेशी मारून, रंगवून पाहण्याचाच प्रघात होता. झर्निके या डच शास्त्रज्ञाने रंगाशिवाय पारदर्शक पेशी पाहण्याची युक्ती काढली आणि १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळवले.

आमचे यंत्र आले, ऊबदार पेटी बसली. माझी विद्यार्थिनी रात्र-रात्र जागून दर पाच मिनिटांनी चित्र घेऊ लागली. पण एका पेशीच्या दोन होण्याच्या ऐन वेळी चित्र धूसर! असे तीन आठवडे गेले. तिच्या प्रबंधाची मुदत जवळ आली होती. एके दिवशी ती रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मला विषय बदलून द्या." यंत्रच सदोष आहे, असे पत्र मी पुरवठादाराला लिहायला घेतले.

जेवताना ही कर्मकथा सासऱ्यांच्या कानी घातली. त्यांचा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेला. त्यांनी एकच विचारले, "सूनबाई, गुरुवारी कसं येतं चित्र?"

मी चमकले. गुरुवारची चित्रे खरोखरच बरी होती!

"गुरुवारी वर्कशॉपांना सुट्टी. प्रेस बंद."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. टेबलावर पाण्याची वाटी ठेवली. पाण्यावर बारीक लहरी उठत होत्या. मग यंत्र वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणले आणि अर्धवट फुगवलेल्या स्कूटरच्या ट्यूबांवर कडप्प्याची जाड लादी ठेवून तिच्यावर मांडले. वाटीतले पाणी स्थिर झाले.

तरी चित्र हळूहळू सरकेच. तेव्हा अप्पा म्हणाले, "अगं, दहा सेंटिमीटर पोलाद एका अंशाला मायक्रॉनभर वाढतं. आम्ही मापाची खोली उगीच वीस अंशांवर ठेवत होतो का?" मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; पण आमच्या भिंगाला तेवढा फरकही जड! एअरकंडिशनरचा झोत वळवला, आणि पेटी आदल्या संध्याकाळपासूनच तापत ठेवू लागलो.

त्या आठवड्यात, गुरुवार नसताना, पहाटे पडद्यावर एक पेशी गोल झाली, मध्ये आवळली आणि दोन झाल्या. विद्यार्थिनीने मला झोपेतून उठवून फोनवर ते सांगितले.

पुरवठादाराला लिहिलेले पत्र मी फाडून टाकले. अप्पांना चित्र दाखवले, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "काम चोख आहे. पण ट्यूबांतली हवा महिन्याला बघत जा!"