पहिल्या धांवेपूर्वीं

मुंबईंत इ. स. २००४ पासून एक मोठी मॅरेथॉन शर्यत भरते. साथीमुळें हुकलेलीं २०२१ आणि २०२२ हीं दोन वर्षें सोडलीं तर तिच्यांत खंड पडलेला नाहीं. जानेवारींतील त्या रविवारीं बेचाळीस किलोमीटरांचें अंतर तोडणाऱ्या कसलेल्या धांवपटूंचें कौतुक होतें, तें योग्यच आहे. परंतु त्याच सकाळीं ‘ड्रीम रन’ ह्या नांवाची सुमारें सहा किलोमीटरांची आणखी एक धांव असते आणि तींत हजारों सामान्य नागरिक उतरतात. कोणी पौराणिक वेष धारण केलेला, कोणी एखाद्या सत्कार्याचा फलक हातीं घेतलेला. पहिला कोण आला हा प्रश्नच तेथें नसतो. अशा मौजेच्या धांवा आतां लहान शहरांतूनही होऊं लागल्या आहेत. मौजेची म्हटल्यामुळें तिला तयारी ती कसली, असा समज मात्र रूढ झाला आहे आणि तो पायांना महाग पडतो.

सहा किलोमीटर धांवतांना मनुष्याचीं पाउलें सुमारें सहा ते सात हजार वेळां जमिनीवर पडतात. चालतांना एक पाय नेहमीं जमिनीवर असतो. धांवतांना दोन्ही पाय क्षणभर अधांतरीं असतात आणि मग सर्व शरीर एका पायावर उतरतें. त्या क्षणीं पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक, कधीं कधीं तिपटीपर्यंत जातो. म्हणजे सत्तर किलो वजनाच्या गृहस्थाचा प्रत्येक पाय तीन हजार वेळां दीडशें ते दोनशें किलोंचें ओझें झेलतो. ज्यानें वीस वर्षें कचेरींतील खुर्चीवर काढलीं, त्याच्या पायांना हें एका आठवड्यांत कसें साधावें?

सराव सुरू केला कीं शरीरांत पालट होऊं लागतो. पण सर्व अवयव एकाच वेगानें पालटत नाहींत, आणि नवशिक्याच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ ह्या एका गोष्टींत आहे. हृदय आणि रक्त हीं लवकर शिकतात. रक्ताचें प्रमाण वाढतें, हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें, आणि तीन-चार आठवड्यांत पूर्वींची धाप पुष्कळ कमी होते. स्नायूंना हाडांशीं बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडें हे मात्र मंदगति विद्यार्थी आहेत. त्यांना महिने लागतात. हाडांचें वर्तन तर विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करणारा गवंडी पोकळ झालेला चुना आधीं खरवडून काढतो आणि मग नवा भरतो. हाडही तसेंच करतें. नवा भार पडूं लागला म्हणजे जुना भाग प्रथम काढून टाकला जातो, त्या जागीं नवें हाड मागाहून भरत येतें, आणि ह्या भरण्यास कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळांत तें हाड पूर्वींपेक्षां किंचित् दुर्बळच असतें. नेमक्या त्याच सुमारास दम सुधारल्यामुळें नवशिक्याला हुरूप येतो, तो अंतर दुप्पट करतो, आणि नडगीच्या आंतल्या कडेला दुखूं लागतें. कांहीं जण तसेंच रेटतात. मग हाडाला सूक्ष्म चीर जाते आणि धांवणें कित्येक आठवडे बंद ठेवावें लागतें. ‘धांवणें आपल्या प्रकृतीला मानवत नाहीं’ असा निकाल देऊन जोडे माळ्यावर टाकणारांत अशांचा भरणा मोठा आहे. दोष प्रकृतीचा नसतो. घाई नडलेली असते.

ह्या घाईला आवर घालणारा एक सोपा क्रम १९९६ सालीं अमेरिकेंतील जॉश क्लार्क ह्या तरुणानें आपल्या पन्नाशी उलटलेल्या आईसाठीं आंखला. आठवड्यांतून दिवस तीनच. प्रथम पांच मिनिटें झपझप चालावयाचें. मग साठ सेकंद धांवणें आणि नव्वद सेकंद चालणें, असें वीस मिनिटें. पुढें धांवण्याचा काळ वाढत वाढत नवव्या आठवड्यांत अर्धा तास अखंड धांवण्यापर्यंत मजल जाते. ह्यांतील चालण्याचे तुकडे आणि मधले मोकळे दिवस पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटतात. वस्तुतः भिंतीचा नवा चुना वाळतो तो ह्या मोकळ्या दिवसांतच. चाळिशीच्या पुढील माणसानें नवाऐवजीं बारा आठवडे घ्यावे, आणि जो आठवडा जड गेला तो पुन्हां करावा. वर्ग पुन्हां काढण्यांत येथें कमीपणा नाहीं. जानेवारीच्या धांवेसाठीं आरंभ ऑक्टोबरांतच करावा लागतो तो ह्यामुळें. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं ज्यांचा हिरिरीनें प्रसार केला ते सूर्यनमस्कार पाठीला व खांद्यांना उत्तम. परंतु धांवण्याचा भार झेलण्याची संवय त्यांनीं लागत नाहीं. नेमानें नमस्कार घालणारानेंही श्रीगणेशा ह्याच पायरीपासून करावा.

आतां वेगाविषयीं. सोबत्याशीं एक पूर्ण वाक्य बोलतां यावें इतकाच वेग ठेवावा. शब्द तुटूं लागले कीं पाउलें आंखडावीं. हा वेग अभिमानाला फार कमी वाटतो, आणि शेजारून कोणी भराभर चालत पुढें गेला तर जरा लाजही वाटते. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड ह्या शिक्षकाचे दोन शिष्य, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग, ह्यांनीं १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदकें मिळविलीं. त्याच लिडियर्डनें पुढें ऑकलंडच्या सुखवस्तु, पोट सुटलेल्या नागरिकांना असें सावकाश धांवावयास शिकविलें. सावकाश धांवणें हा धांवण्याचा हलका प्रकार आहे, असें त्याला कधीं वाटलें नाहीं.

जोड्यांसंबंधीं फार काथ्याकूट चालतो. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांचीं मुलें अनवाणी धांवतांना पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. त्यांच्या पुढाकारानें १९२० सालीं अँटवर्पला गेलेल्या चमूंतील बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. पण शेताच्या ढेकळांत लहानपणापासून तयार झालेले पाय निराळे, आणि जन्मभर बुटांत राहिलेले शहरी पाय निराळे. नागरिकानें एकाएकीं अनवाणी होण्याचें धाडस करूं नये. जोडा मऊ तळाचा असावा, पुढें अंगठ्याएवढी जागा मोकळी राहावी, आणि पाय थोडे सुजलेले असतात अशा सायंकाळीं तो पारखून घ्यावा. किंमत भारी असलीच पाहिजे असें नाहीं.

ऑक्टोबरांतील मुंबईच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, म्हणून अंग निवत नाहीं. शरीराला उकाड्याची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोंवर उजाडण्याच्या सुमारासच धांवावें आणि ठरलेल्यापेक्षां कमीच धांवावें. पाणी तहानेपुरतें प्यावें. सहा किलोमीटरांसाठीं पोट तुडुंब भरून घेण्याचें कारण नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं चाळिशी ओलांडली असेल, किंवा ज्यांना रक्तदाब, मधुमेह अथवा घराण्यांत हृद्रोग असेल, त्यांनीं आरंभापूर्वीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. धांवतांना छातीवर दडपण आलें, कळ जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे गेली, अथवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर त्या क्षणीं थांबून मदत मागावी. आपल्या घरांतून असें दडपण ‘वाताचें’ ठरवून ओवा चावावयास देण्याची चाल आहे. ती येथें जिवावर बेतूं शकते.

धांवेच्या आधींचे दोन दिवस विश्रांतीचे. त्या सकाळीं नवा जोडा नको आणि नवें खाणेंही नको. नेहमींचे थोडे पोहे किंवा एक केळें दोन तास आधीं पुरे. आरंभीं गर्दी इतकी असते कीं कांहीं वेळ नुसतें उभें राहावें लागतें. गर्दी फुटतांच जो तो सुसाट सुटतो. पहिला किलोमीटर त्या लोंढ्याबरोबर वाहून न जाणें हेंच त्या दिवशींचें अवघड काम. मधून मधून चालावें. तेथें कोणी गुण कापीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना मांड्या दुखतील. हें दुखणें दोन्ही पायांत सारखें असतें, मांसल भागांत असतें, आणि तीन-चार दिवसांत ओसरतें. तेवढे दिवस नुसतें चालावें. मात्र एकाच पायांत, बोटानें दाखवितां येईल अशा हाडावरील एका जागीं दुखत असेल, तर धांवणें बंद ठेवून पाय डॉक्टरांना दाखवावा.