गुप्त मतदानातला दुसरा माणूस

मतदान यंत्राच्या बॅलट युनिटवर निळ्या बटणांशेजारी बारीक उठावदार ठिपके असतात. डोळस मतदाराचं सहसा तिकडे लक्षही जात नाही. ते आहेत ब्रेल लिपीतले 1 ते 16 आकडे. 2004 मध्ये आंध्र प्रदेशातल्या आसिफनगर पोटनिवडणुकीत त्यांचा प्रयोग झाला आणि 2009 च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोहोचले.

यंत्रावर उमेदवारांची नावं मात्र ब्रेलमध्ये नसतात. त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे ब्रेलमधली नमुना मतपत्रिका असते. दृष्टिहीन मतदाराने ती बोटांनी वाचायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि एकट्याने कक्षात जाऊन तो आकडा चाचपून बटण दाबायचं. लांब ‘बीप’ वाजला की मत नोंदलं. उमेदवार मोजके असतील तर हे सहज जमतं. पण 2019 मध्ये निजामाबादेत 185 उमेदवार होते, 12 बॅलट युनिटं लागली! तिथे चाचपणार तरी किती?

आणि ब्रेल न येणाऱ्यांनी काय करायचं? काचबिंदूने किंवा मधुमेहाने उतारवयात नजर गेलेल्यांनी ही लिपी बहुधा शिकलेलीच नसते. 1961 च्या निवडणूक नियमांतला 49-एन हा नियम त्यांना 18 वर्षांवरचा सोबती आत नेऊ देतो. एका दिवशी एका सोबत्याला एकाच मतदाराची सोबत करता येते आणि मत गुप्त ठेवण्याचं लेखी निवेदनही द्यावं लागतं. सोय खरी, पण त्या कागदाने घरातलं दडपण थोडंच जातं? आईने सांगितलेलंच बटण मुलाने दाबलं का, हे तिला कळणार कसं?

ब्रेल येणाऱ्याचंही शेवटी अडतंच. मत कुणाला गेलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड सुमारे सात सेकंद दिसते. ती वाचून दाखवणारा आवाज यंत्रात नाही. हेडफोन लावून बोलणारं एटीएम आपल्याकडे आहे. ऑस्ट्रेलियात तर 2013 च्या संघीय निवडणुकीत अंध मतदारांना दूरध्वनीवरून मत देता आलं. तेव्हा तंत्राची सबब पटण्याजोगी नाही.

मतदान केंद्रं आणि निवडणुकीचं साहित्य सुगम असावं, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 11वं कलम सांगतं. त्यामुळे ब्रेल येत असेल तर केंद्रावर नमुना मतपत्रिका हक्काने मागा. घरून मत द्यायचं असल्यास, 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांनी अधिसूचनेनंतर पाच दिवसांच्या आत नमुना 12-डी भरून द्यावा.