हळदीच्या मांडवात ‘रॉ’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नसराईत भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीसारख्या गावात कँडिड फोटोग्राफरचा खरा कस लागतो तो हळदीच्या रात्री. एकीकडे पिवळे बल्ब, दुसरीकडे डीजेचे निळे-जांभळे एलईडी आणि मधोमध हळदीने माखलेली नवरी. इथे कुणालाही ‘पुन्हा तसंच हसा’ म्हणता येत नाही. म्हणूनच रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न करता साठवलेली फाइल, हिच्याबद्दलचे समज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज: रॉ स्टुडिओसाठी, धावपळीत जेपीईजी पुरे.
वस्तुस्थिती: स्टुडिओत प्रकाश आपल्या हातात असतो, मांडवात नसतो. त्यामुळे रॉची गरज मांडवातच जास्त. जेपीईजीत लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी 256 पातळ्या असतात. 14 बिट रॉमध्ये 16,384. म्हणून कोपऱ्यात बसलेल्या आजीचा अंधारलेला चेहरा नंतर उजळला तरी जेपीईजीइतका डागाळत नाही. व्हाइट बॅलन्सही घरी बसून ठरवता येतो.

गैरसमज: रॉ असला की कसाही काढलेला फोटो सुधारतो.
वस्तुस्थिती: चुकलेला फोकस आणि हललेला हात रॉमध्येही तसाच राहतो. पांढऱ्याफटक पडलेल्या भागात तपशीलच नोंदलेला नसतो. चेहऱ्यावर नुसता निळा एलईडी असेल, तर लाल-हिरव्याची नोंद जवळपास होतच नाही. मग हळदीचा पिवळा परत आणायचा कुठून? नवरीचा चेहरा बल्बकडे वळेपर्यंत थांबा, नाहीतर फ्लॅश छतावर मारून उजेड द्या.

गैरसमज: स्क्रीनवर दिसतो तोच रॉ.
वस्तुस्थिती: स्क्रीनवर दिसते ती कॅमेऱ्याने तयार केलेली जेपीईजी प्रत. हिस्टोग्रामही बहुधा तिच्यावरूनच बनतो. त्यामुळे संगणकावर उघडलेला रॉ फिका वाटला, तर कॅमेरा बिघडला असे समजू नका. कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनिंग हे संस्कार आता आपल्याला करायचे असतात.

गैरसमज: रॉमुळे कार्ड भरते, कॅमेरा अडकतो, म्हणून तो टाळावा.
वस्तुस्थिती: फाइल मोठी असते हे खरे. 24 मेगापिक्सेलचा रॉ साधारण 25 ते 30 एमबीचा होतो. बटण दाबून धरले की बफर भरतो आणि कॅमेरा मंदावतो. पण वेगवान कार्ड, सोबत एक जादा कार्ड आणि दोन-तीन फोटोंचेच छोटे बर्स्ट ठेवले की काम अडत नाही.

हळदीची रात्र पुन्हा येत नाही. कॅमेरा रॉवर ठेवा, उजेड बघून क्लिक करा आणि दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.